बंदिवान सापाचे वर्तन : प्रकृती आणि विकृती

साप हा मुका प्राणी आहे. दुखले म्हणून तो कुत्र्यासारखा केकाटत नाही, गाईसारखा हंबरत नाही. त्याला पापण्या नसल्यामुळे त्याचे डोळे मिटत नाहीत आणि चेहऱ्यावर स्नायूंची हालचाल जवळजवळ नसल्यामुळे वेदनेचा किंवा समाधानाचा भाव तेथे उमटत नाही. असा प्राणी बंदिवासात असताना एके दिवशी त्याचे वागणे बदललेले दिसले, तर सांभाळणाऱ्याला सामान्यतः दोनच कारणे सुचतात : साप आजारी पडला, किंवा साप चिडला. हे दोन्ही तर्क पुष्कळदा चुकीचे ठरतात. उपास, सुस्ती, अंधारात दडून बसणे, अकारण फूत्कार टाकणे या गोष्टी पाहणाऱ्याला विचित्र वाटतात. परंतु त्यांतील बऱ्याचशा सापाच्या प्रकृतीला धरूनच असतात. याच्या उलट, ज्याला लोक सापाचा शांतपणा किंवा माणसाळलेपणा समजतात, तो अनेकदा मोठ्या दुखण्याचा परिणाम असतो. प्रकृती कोणती आणि विकृती कोणती, हे क्रमाक्रमाने कसे ओळखावे याचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी छत्तीसगढमधील रायपूर शहराचे हवामान आणि तेथे आढळणारे साप उदाहरणादाखल घेतले आहेत.

साप बंदिवासात येतो कसा?

रायपूर हे खारून नदीजवळ, भाताच्या विस्तीर्ण खाचरांनी वेढलेल्या मैदानात वसलेले शहर आहे. भात तेथे उंदीर व बेडूक आणि उंदीर-बेडूक तेथे साप, हा नियम या मैदानाला पुरेपूर लागू पडतो. नागाला छत्तीसगढी बोलीत ‘डोमी’ म्हणतात, धामणीला ‘असढिया’ आणि पट्टेरी मण्यारीला ‘अहिराज’. बोलीभाषेत इतकी वेगवेगळी नावे रूढ आहेत, यावरूनच या प्राण्यांशी तेथील माणसाचा किती जुना परिचय आहे हे दिसून येते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्या यांमुळे आपल्या देशातील रानटी साप हौस म्हणून पकडणे व घरी बाळगणे हा गुन्हा आहे. त्यामुळे रीतसर बंदिवासात असलेले साप मुख्यतः प्राणिसंग्रहालयांत, सर्पोद्यानांत, विषसंकलन केंद्रांत किंवा घरातून पकडून सोडण्यापूर्वी वनखात्याच्या ताब्यात असलेले असे असतात. गारुड्यांच्या टोपल्यांतील साप हा कायद्याबाहेरचा, पण अद्याप पूर्णपणे न संपलेला प्रकार होय. शहरी हौशी लोक अलीकडे बॉल पायथनसारख्या परदेशी जाती पाळू लागले आहेत. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत असलेल्या अशा जातींची नोंद सरकारदरबारी करणे २०२२ च्या दुरुस्तीने आवश्यक ठरविले आहे. साप कोणाच्याही ताब्यात असो, त्याच्या वर्तनाचा अर्थ लावण्याची रीत एकच आहे.

पहिला प्रश्न : साप कोणत्या जातीचा?

वर्तन विचित्र आहे असे म्हणण्यापूर्वी त्या जातीचे नेहमीचे वर्तन माहीत असले पाहिजे. मांडूळ हा साप जमिनीत शिरून राहणारा आहे. त्याला गुळगुळीत फरशीच्या पेटीत ठेवले, तर तो कोपऱ्यात सतत डोके खुपसत राहतो. पाहणाऱ्याला हा वेडाचा झटका वाटतो. प्रत्यक्षात तो वाळू शोधत असतो. चार बोटे भुसभुशीत माती टाकताच हा प्रकार बहुधा थांबतो. कवड्या साप दिवसभर फटीत निपचित पडून राहतो व रात्री पालींच्या शोधात भिंती चढतो. दिवसा त्याला पाहून ‘साप मलूल आहे’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे मध्यरात्री झोपलेल्या माणसाला आजारी ठरविण्यासारखे आहे.

या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यास प्राणावर कसे बेतू शकते, हे अहिराजावरून समजते. अंगावर काळे व पिवळे पट्टे असलेला हा साप दिवसा कमालीचा थंड असतो. डिवचले तरी तो बहुधा चावत नाही. उलट वेटोळ्याखाली डोके लपवितो. त्यामुळे हा निरुपद्रवी साप आहे असा समज सहज पसरतो. वस्तुतः तो मण्यारीच्या कुळातील असून त्याचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करणारे आहे. रात्री तोच साप चपळ होऊन इतर सापांची शिकार करतो. दिवसाची सुस्ती हा त्याचा स्वभाव आहे. ती मैत्री नव्हे आणि आजारही नव्हे.

दुसरा प्रश्न : भोवतालचे उष्णतामान किती?

पक्षी व सस्तन प्राणी शरीराची ऊब आतून निर्माण करतात. सापाला ती बाहेरून घ्यावी लागते. त्याचे पचन, हालचाल, श्वसन आणि रोगप्रतिकारशक्तीदेखील भोवतालच्या उष्णतामानावर अवलंबून असते. उष्ण प्रदेशातील बहुतेक सापांना २८ ते ३२ अंश सेल्सियसच्या आसपासचे उष्णतामान मानवते. मोकळ्या रानात साप स्वतःच ऊन आणि सावली यांची निवड करतो. पेटीत ही निवड त्याच्या हातून काढून घेतली जाते. म्हणून बंदिवान सापाच्या वर्तनातील बदलाचे कारण शोधताना सापाकडे पाहण्याआधी तापमापीकडे पाहावे.

रायपुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुष्कळ वर जातो. अखेरच्या ‘नवतपा’च्या दिवसांत तर पत्र्याच्या छपराखालील खोली भट्टीसारखी तापते. अशा खोलीत बंद पेटीतील साप सैरावैरा फिरतो, जाळीवर नाक घासतो, पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसून राहतो, क्वचित तोंड उघडे ठेवतो. याला चिडखोरपणा समजणे ही घातक चूक ठरते, कारण शरीराचे उष्णतामान ४० अंशांच्या पलीकडे काही काळ राहिले तर साप दगावू शकतो. अशा वेळी औषधाची नव्हे, तर पेटी ताबडतोब सावलीत व हवेशीर जागी हलविण्याची गरज असते. पेटीचे एक टोक उबदार व दुसरे थंड ठेवले, तर साप आपली जागा आपणच निवडतो. तो दिवसभर कोणत्या टोकाला बसतो, हे पाहूनही पुष्कळ काही समजते.

डिसेंबर-जानेवारीत चित्र उलटे होते. रात्रीचे उष्णतामान १२-१३ अंशांपर्यंत उतरते आणि साप अन्न नाकारतो. हा उपास शहाणपणाचा असतो. थंडीत पाचक रस नीट काम करीत नाहीत. गिळलेला उंदीर पोटात पचण्याऐवजी सडू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. काळजीपोटी तोंड उघडून जबरदस्तीने भरविणारा माणूस सापाला दुप्पट इजा करतो : अन्नामुळे पोटाला, आणि हाताळण्यामुळे जबड्याला. निरोगी प्रौढ साप काही आठवडे, आणि अजगरासारखा मोठा साप कित्येक महिने, अन्नावाचून सहज राहू शकतो. पाणी मात्र त्याला नेहमी मिळाले पाहिजे.

तिसरा प्रश्न : कात टाकण्याची वेळ आली आहे काय?

साप अचानक अन्न सोडतो, दडून बसतो, जवळ गेल्यास एरवीपेक्षा अधिक जोराने फूत्कारतो. त्याचा रंग मंद पडतो आणि डोळ्यांवर निळसर-दुधी पडदा येतो. ‘साप आंधळा झाला’ अशी हाकाटी बहुधा याच वेळी होते. सापाच्या डोळ्यावर पापणीऐवजी एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही बदलतो. जुनी व नवी त्वचा यांच्या दरम्यान द्रव साचल्यामुळे डोळा काही दिवस धूसर होतो. नंतर तो पुन्हा स्वच्छ होतो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत साप ओठांपासून कात उलटी सोलून टाकतो. हा सगळा प्रकार साधारणपणे एक ते दोन आठवड्यांचा असतो. या काळात सापाला नीट दिसत नाही, म्हणून तो सावध आणि चावरा होतो. त्याला हाताळू नये, अन्न देऊ नये आणि पेटीत ओलसर कोपरा व खरखरीत दगड ठेवावा, एवढेच करावयाचे असते.

कात एकसंध निघाली, तर सापाची प्रकृती ठीक आहे असे मानण्यास हरकत नाही. ती तुकड्यातुकड्यांनी निघाली, शेपटीच्या टोकाला वळे राहिले किंवा डोळ्यावरचा खवला चिकटून राहिला, तर मात्र हवेत ओलावा कमी आहे, साप तहानलेला आहे किंवा अशक्त झाला आहे असे समजावे. उन्हाळ्यात रायपूरची हवा अत्यंत कोरडी असते, त्यामुळे त्या महिन्यांत असे होण्याचा संभव अधिक. चिकटलेला खवला नखाने ओढून काढू नये, कारण त्याखालच्या डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. सापाला ओल्या कापडाच्या पिशवीत काही वेळ ठेवल्यास तो पुष्कळदा आपोआप सुटतो.

चौथा प्रश्न : प्रजननाचा काळ आहे काय?

विणीच्या हंगामात नर अन्नाकडे पाठ फिरवितात व सतत भटकू पाहतात. धामणीचे दोन नर एकमेकांना विळखे घालून अर्धे शरीर उंच उचलतात. लोक याला सापांचे मीलन समजतात. वास्तविक ती नरांची झुंज असते. अंडी पोटात असलेली मादीदेखील अन्न टाळते व ऊब शोधत राहते.

या संदर्भात अजगराच्या मादीची कथा बोधप्रद आहे. लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशाने भारतात पाहिले होते की अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि त्यांना ऊब देते. १८३२ च्या सुमारास त्याने ही हकीकत पॅरिसच्या विद्वानांपुढे मांडली, परंतु थंड रक्ताचा प्राणी ऊब कोठून देणार, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. पुढे १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहात एका अजगराच्या मादीने अंडी घातली. व्हॅलेन्सिएन या शास्त्रज्ञाने तिच्या वेटोळ्यांतील उष्णतामान मोजले, तेव्हा ते भोवतालच्या हवेपेक्षा जास्त भरले. ही ऊब येते कोठून, याचा उलगडा १९६६ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील एका मादीवर केलेल्या प्रयोगांनी झाला. ती भारतीय अजगराच्या निकटच्या, त्या वेळी त्याच जातीत गणल्या जाणाऱ्या ब्रह्मी अजगराची मादी होती. ती अंगाचे स्नायू ठरावीक अंतराने आकुंचित करीत होती. खोली जसजशी थंड होई, तसतसे हे झटके वाढत आणि तिचे शरीर भोवतालपेक्षा काही अंशांनी उबदार राही.

हे ज्याला माहीत नाही, तो उचकी लागल्यासारखे झटके देणारी, सुमारे दोन महिने अन्न न घेणारी आणि जागेवरून न हलणारी मादी पाहून हमखास औषधोपचार सुरू करील. तिला अंड्यांवरून उचलणे म्हणजे तिचे सारे श्रम वाया घालविणे होय. शंभराहून अधिक वर्षे शास्त्रज्ञांना कोड्यात टाकणारे हे वर्तन विचित्र खरे. पण ते मातृत्वाचे वर्तन होते.

विकृतीची खरी लक्षणे

वरील चार प्रश्नांनी वर्तनाचा उलगडा झाला नाही, तर रोगाचा विचार करावा. काही लक्षणे मात्र अशी आहेत की ती दिसताच थांबू नये.

पहिले लक्षण श्वासाचे. बहुतेक सापांचे एकच फुफ्फुस पूर्ण विकसित असते, आणि छाती व पोट यांच्यामधील श्वासपटल त्यांना नसते. त्यामुळे आपल्यासारखा जोराने खोकून कफ बाहेर टाकणे त्यांना जमत नाही. साप डोके वर धरून तोंडाने श्वास घेत असेल, श्वासाबरोबर घरघर होत असेल, नाकातोंडाशी बुडबुडे येत असतील, तर तो फुफ्फुसदाह समजावा. पावसाळ्यातील थंड व कोंदट पेटीत हा रोग लवकर बळावतो.

दुसरे लक्षण तोंडाचे. हिरड्यांवर लाल ठिपके, चिकट लाळ किंवा पिवळट थर दिसला, तर तोंडात पू धरला आहे असे जाणावे. अशा सापाला भूक असते. तो भक्ष्याकडे झेपावतो, पण पकडून लगेच सोडून देतो. भूक नसलेला साप आणि खाता न येणारा साप यांतील हा फरक महत्त्वाचा आहे.

तिसरे लक्षण त्वचेचे. थंड हवेतही साप सतत पाण्यात बसू लागला, तर खवल्यांच्या कडा व डोळ्यांभोवतीची जागा भिंगाने पाहावी. टाचणीच्या टोकाएवढे काळे कीटक तेथे किंवा पाण्याच्या तळाशी दिसतात. हे रक्त शोषणारे सूक्ष्म जीव एका सापाकडून दुसऱ्याकडे रोगही नेतात. पोटाच्या खवल्यांवर पाण्याने भरलेले फोड आले असतील, तर पेटीचा तळ ओला व अस्वच्छ आहे हे निश्चित. कीटक मारण्यासाठी घरगुती कीटकनाशक फवारण्याचा मोह मात्र टाळावा. अशा विषाने सापाला कंप सुटतो व त्याचा तोल जातो.

चौथे लक्षण मज्जासंस्थेचे, आणि ते सर्वांत गंभीर. पाठीवर उलटा केलेला निरोगी साप तत्काळ सुलटा होतो. जो तसा होऊ शकत नाही, ज्याची मान वरच्या वर वळून राहते किंवा जो भक्ष्यावर नेम धरताना चुकतो, त्याच्या मेंदूवर किंवा मज्जातंतूंवर आघात झालेला असतो. अतिउष्णता, मार व विषबाधा ही त्याची काही कारणे. दिवडासारख्या मासे खाणाऱ्या सापाला काही विशिष्ट जातींचे मासेच सतत दिले, तर त्या माशांतील एका विकरामुळे ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि सापाला झटके येऊ लागतात. आहार बदलून व वेळेवर उपचार करून हा दोष दूर करता येतो. बोआ व अजगर यांना होणारा एक असाध्य रोग मात्र विषाणूंमुळे होतो. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१२ साली प्रथमच त्याच्याशी संबंधित विषाणू ओळखले. अशा संशयित सापाला इतरांपासून तत्काळ वेगळे करणे हाच प्रमुख उपाय आहे.

टोपलीतील नागाचा ‘माणसाळलेपणा’

नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतील नाग दूध पितो, पुंगीवर डोलतो आणि मुलांनी हात लावला तरी चावत नाही. रायपूरच्या गल्ल्यांतून अनेक पिढ्यांनी हे दृश्य श्रद्धेने पाहिले आहे. वरील कसोट्या या नागाला लावल्या, तर काय दिसते?

सापाच्या नैसर्गिक आहारात दुधाला स्थान नाही. दिवसेंदिवस पाण्यावाचून कोंडलेला नाग समोर येईल तो द्रव पितो. त्यातील काही भाग श्वासनलिकेत गेला, तर फुफ्फुसदाह होतो. सापाला बाह्यकर्ण नसतात. जमिनीची कंपने आणि हवेतील काही खालच्या पट्टीतले ध्वनी त्याला जाणवतात, परंतु तो पुंगीच्या सुरावर डोलत नाही. समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर रोखून तो बचावाचा पवित्रा घेत असतो. आणि तो चावत नाही याचे कारण बहुधा असे असते की त्याचे विषदंत उपटलेले असतात, क्वचित तोंडही शिवलेले असते. जखम चिघळते, भक्ष्य गिळता येत नाही आणि उपासमारीने नाग हळूहळू मरतो. निरोगी नाग माणूस जवळ येताच फणा उभारतो किंवा पळ काढतो. जो दोन्ही करीत नाही, त्याच्या ठायी शक्तीच उरलेली नसते.

यात माणसालाही धोका आहे. सापाच्या मुख्य विषदंतामागे राखीव दंत वाढत असतात आणि उपटलेल्याच्या जागी काही आठवड्यांत नवा दंत येऊ शकतो. विषग्रंथी तर तशाच असतात. ‘दात काढलेला’ म्हणून निर्धास्तपणे हाताळलेला नाग एके दिवशी पूर्ववत विषारी झालेला असतो. कोणत्याही सापाचा दंश झाल्यास झाडफूक किंवा बांधाबांध करण्यात वेळ न दवडता प्रतिसर्पविषाची सोय असलेले रुग्णालय गाठणे हाच मार्ग आहे.

तमिळनाडूतील इरुला जमातीच्या सर्पपकड्यांची सहकारी संस्था १९७८ साली स्थापन झाली. औषधनिर्मितीसाठी विष काढण्याचे काम ती करते. तेथे साप मातीच्या मडक्यात, तळाशी वाळू पसरून व तोंडाला कापड बांधून ठेवतात आणि काही आठवड्यांनी रानात परत सोडतात. मडक्यातील गारवा व अंधार यांमुळे साप स्वस्थ राहतो. सापाला शांत करण्यासाठी त्याचे दात काढावे लागत नाहीत. त्याला दडण्याची जागा मिळाली की पुरते.

नोंदवहीचे महत्त्व

सापाचे जीवन संथ असल्यामुळे त्याच्यातील बदल एका दिवसाच्या पाहण्यात कळत नाहीत. म्हणून प्रत्येक बंदिवान सापाची नोंदवही ठेवणे आवश्यक आहे. पेटीच्या दोन्ही टोकांचे सकाळ-संध्याकाळचे उष्णतामान, अन्न दिल्याची व घेतल्याची तारीख, मलविसर्जन, कात टाकल्याची तारीख व ती अखंड निघाली की तुटक, आणि महिन्यातून एकदा वजन, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. डिसेंबरात उपाशी असलेल्या, पण वजन टिकवून धरणाऱ्या सापाची चिंता करू नये. ऑगस्टमध्ये, उष्णतामान योग्य असताना, अन्न नाकारून वजन गमावणाऱ्या सापाला मात्र विलंब न लावता पशुवैद्याकडे न्यावे. रायपूरच्या परिसरात दुर्गजवळील अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सापाबरोबर त्याची नोंदवहीही नेल्यास तज्ज्ञाचे काम पुष्कळ सोपे होते.

घरात शिरलेला साप पकडून ठेवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रानातून नुकताच आलेला साप पेटीत अन्न घेत नाही, भिंतींवर डोके आपटतो, रात्रभर फिरत राहतो. त्याला कोणताही रोग झालेला नसतो. वनखात्याला कळवून, अंगावर जखम नसल्यास, त्याला लवकरात लवकर जवळच्याच योग्य अधिवासात सोडले, की हे वर्तन तेथल्या तेथे संपते.